वाचकाला वाचणारे पान

दिवाळी अंकाच्या वाचकाला जाहिरातीचे वावडे नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. ती चालवण्यात जाहिरातदाराचा वाटा किती, हे कोणत्याही संपादकाला विचारावे. मुखपृष्ठाच्या आत सराफ, मलपृष्ठावर बँक, मधल्या रंगीत पानांवर मसाले आणि गृहप्रकल्प, शेवटी साखर कारखान्याच्या हार्दिक शुभेच्छा. आपण ही पाने उलटतो, एखाद्या पानावर थांबतोही. जाहिराती फार झाल्या म्हणून कुणी अंक टाकून दिल्याचे मी ऐकलेले नाही. मग हाच वाचक संगणकावर किंवा मोबाइलवर वाचायला बसला की जाहिराती अडवणारे साधन का शोधतो? आणि ते बसवले, तर तो लेखकाच्या ताटातला घास काढून घेतो का?

मराठीत हा विषय बहुधा तंत्रज्ञानाच्या सदरात येतो. कोणते साधन चांगले, कुठले बटण दाबायचे, एवढ्यावर चर्चा संपते. मला तो वाङ्मयव्यवहाराचा प्रश्न वाटतो. एक मजकूर आहे, एक वाचक आहे आणि या दोघांच्या मध्ये येऊन बसलेला आणखी कुणीतरी आहे. तो तिथे कसा आला, स्वतःबद्दल कोणत्या भाषेत बोलतो आणि त्याला उठवणे योग्य की अयोग्य, हे तपासण्याचा इथे प्रयत्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. जाहिरात आपल्याला दिसते याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. आपण जाहिरातीला दिसतो, आक्षेप त्याला आहे.

आठवणीची सोय

वेबला मुळात स्मरणशक्ती नव्हती. पान मागितले की सर्व्हर पान देई आणि मागणाऱ्याला विसरून जाई. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटीशी नोंद ठेवायची आणि पुढच्या खेपेला ब्राउझरने ती परत दाखवायची. या नोंदीला 'कुकी' म्हणतात. खरेदीच्या टोपलीत काय टाकले हे लक्षात राहावे, अशा साध्या गरजेतून ती आली. आजही आपण एकदा नाव आणि पासवर्ड दिल्यावर प्रत्येक पानावर तो पुन्हा द्यावा लागत नाही, तो कुकीमुळेच.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर पट्टीच्या आकाराची जाहिरात झळकली. जाहिरातदारांत एटी अँड टी ही दूरध्वनी कंपनी होती. वेबवरच्या जाहिरातीचा इतिहास सहसा इथून सांगितला जातो. कुकी आणि पट्टी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो पुढे जुळला. जाहिरात संकेतस्थळाच्या यंत्रावरून येण्याऐवजी जाहिरात कंपनीच्या यंत्रावरून येऊ लागली आणि येताना त्या कंपनीची स्वतःची कुकी ठेवू लागली. कंपनीच्या जाहिराती हजार ठिकाणी असतील, तर त्या हजार ठिकाणी ती एकाच वाचकाला ओळखू शकते. सकाळी कुठली बातमी वाचली, दुपारी कोणत्या आजाराची माहिती शोधली, रात्री कुठले पुस्तक पाहिले, हे मणी एका दोऱ्यात ओवले जातात. वाचकाला मात्र दोरा दिसत नाही.

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. कुकीचे तांत्रिक मानक फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरच्या यंत्राची अशी कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नये, असे त्यात सुचवले होते. मसुद्याच्या दोन लेखकांपैकी एक खुद्द माँटुली होते. प्रमुख ब्राउझरांनी ती सूचना मानली नाही. वर्षभर आधी 'डबलक्लिक' ही कंपनी सुरू झाली होती. अशा कुकीवर उभ्या राहिलेल्या या कंपनीची किंमत २००७ साली गुगलने ३.१ अब्ज डॉलर ठरवली. सफारी ब्राउझरने बाहेरच्या सगळ्या कुकी बंद करायला मार्च २०२० उजाडला. क्रोमने त्या दोन वर्षांत बंद करण्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडून दिला.

दरम्यान जाहिरातीची जागा विकण्याची रीतही बदलली. आज अनेक संकेतस्थळांवर पान उघडता उघडता रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. वाचक कोणत्या भागातला, कोणत्या फोनवर, कोणते पान वाचतो आहे, अशी माहिती बोली लावणाऱ्यांकडे जाते आणि सेकंदाच्या एका लहानशा अंशात निकाल लागतो. गावच्या बाजारात बैलाचा लिलाव हरलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. इथे हरणाऱ्यालाही वाचकाची माहिती पाहायला मिळालेली असते. दिवाळी अंकातल्या सराफाने, पान उलटणारा कोण आहे हे कधी विचारले नव्हते. दोन जाहिरातींमधला फरक तो एवढाच, पण तो मूलभूत आहे.

त्रयस्थ की तिऱ्हाईत?

या व्यवहाराची मराठी कशी घडली, ते पाहण्यासारखे आहे. बाहेरच्या कंपनीच्या कुकीला भाषांतरकार 'त्रयस्थ पक्षाची कुकी' म्हणतात. शब्दशः ते चुकीचे नाही. पण मराठीत 'त्रयस्थ' या शब्दाला एक पुण्याई आहे. त्रयस्थपणे पाहणारा म्हणजे दोन्ही बाजूंशी लागेबांधे नसलेला, निःपक्षपाती माणूस. भांडण मिटवायला आपण त्रयस्थाला बोलावतो. जाहिरात कंपनी या अर्थाने त्रयस्थ अजिबात नाही. मजकूर आणि वाचक या दोघांच्या भेटीत तिचाच स्वार्थ सर्वांत मोठा. आपल्याकडे दुसरा शब्द आहे: तिऱ्हाईत. घरातले बोलणे तिऱ्हाइतासमोर करू नये, असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात परकेपणाची आणि सावधपणाची सूचना असते. 'तिऱ्हाइताची कुकी' असे भाषांतर रूढ झाले असते, तर कितीतरी वाचक 'स्वीकारा'च्या बटणापाशी थबकले असते.

'प्रायव्हसी'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तिच्यासाठी मराठीत प्रामुख्याने दोन शब्द चालतात. पहिला 'गोपनीयता'. सरकारी कचेरीतला गोपनीय अहवाल, परीक्षेतले गोपनीय काम या सहवासातून आलेला हा शब्द काहीतरी लपवायचे आहे असे सुचवतो. मग 'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' हे उत्तर आपोआप तयार होते आणि चर्चा तिथेच थांबते. दुसरा 'खासगी'. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत राज्याची, खासगी राजघराण्यातल्या स्त्रीच्या मालकीची. अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटांचा आणि मंदिरांचा खर्च या खासगीतून झाला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी मालकीची कल्पना आहे.

मालकीची कल्पना सोयीची आहे, पण तिच्यात एक खाच आहे. जे माझे आहे ते मी विकू शकतो. 'तुमची माहिती तुमची आहे' असे म्हणणारी कंपनी पुढच्याच वाक्यात ती देण्याची संमती मागते आणि मालकीच्या तर्काने त्यात वावगे काही उरत नाही. वाचनाच्या संदर्भात मला 'एकांत' हा तिसरा शब्द अधिक नेमका वाटतो. एकांत ही वस्तू नाही, ती स्थिती आहे. ती विकता येत नाही, फक्त मोडता येते. एखादी कविता न कळणे, एखादा विचार पटू लागणे, नको त्या विषयाबद्दल कुतूहल वाटणे या साऱ्या गोष्टी माणूस एकांतात करतो. पाहणारा कुणी आहे हे कळले, की तो काय वाचायचे हेही बदलतो.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो एकमताने दिला. त्या निकालाचा पाया प्रतिष्ठा आणि स्वायत्तता यांवर रचलेला आहे; मालमत्तेच्या हिशेबात तो बसत नाही. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात आपले वडील न्या. यशवंत चंद्रचूड यांचा सहभाग असलेला आणीबाणीतला १९७६चा निकाल चुकीचा ठरवला, हे पुष्कळांना आठवत असेल. माझ्या दृष्टीने त्या निकालाचे सर्वांत जवळचे मराठी भाषांतर 'एकांताचा हक्क' हेच आहे.

संमतीचा मजकूर

वेबवर आज सर्वाधिक दाखवला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा गद्यप्रकार म्हणजे संमतीची चौकट. 'आम्ही तुमच्या अनुभवाची कदर करतो' अशा धाटणीने ती सुरू होते. समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर तिचा निवेदक लक्ष वेधून घेतो. 'आम्ही' म्हणजे कोण, हे तो सांगत नाही. क्रियापदे मऊ असतात: सुधारणे, जुळवून घेणे, मदत करणे. 'पाहणे', 'विकणे', 'नोंद ठेवणे' ही खरी क्रियापदे गाळलेली असतात. संवादाचा आव असतो, पण एकाच उत्तराला ठळक रंगाचे बटण मिळते आणि दुसरे उत्तर तीन पडद्यांआड ठेवलेले असते.

मांडणीची ही चलाखी कायद्यानेही ओळखली आहे. होकार एका टिचकीत आणि नकाराला अनेक टिचक्या, या कारणासाठी फ्रान्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. चौकटीमागचे धोरण वाचावे म्हटले तर काय होते, याचा हिशेब ॲलिशिया मॅकडोनाल्ड आणि लॉरी क्रेनर या संशोधकांनी २००८ साली मांडला होता. अमेरिकेतल्या एका वापरकर्त्याने भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे धोरण वाचायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे २०१ तास लागतील. कामाचे आठ तास धरले तर हे पंचवीस दिवस झाले. जो मजकूर वाचला जाणार नाही या भरवशावर लिहिला जातो, त्याखालच्या होकाराला संमती म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

साध्या भाषेत विचारले तर काय होते, याचाही पुरावा आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर सक्ती केली, की इतर कंपन्यांच्या ॲपमधून आणि संकेतस्थळांवरून माग काढायचा असेल तर ॲपने सरळ प्रश्न विचारावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकच्या मूळ कंपनीने सांगितले, की या बदलामुळे त्या वर्षीचे सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल. अर्थात ॲपलचा स्वतःचाही जाहिरातीचा धंदा आहे, आणि हा निव्वळ परोपकार होता असे कुणी समजू नये. तरीही आकडा बोलका आहे. गाळलेले क्रियापद वाक्यात परत ठेवले, की होकाराची किंमत एवढी उतरते.

हा मुद्दा मराठीसाठी आता थेट महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती आणि सूचना स्पष्ट व सोप्या भाषेत हवी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला हवा. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे कायद्याच्या आदेशाने मराठी गद्याचा एक नवा प्रकार जन्माला येणार आहे आणि तो कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक लोकांच्या डोळ्यांपुढे येईल. तो यंत्राने भाषांतरित केलेल्या 'त्रयस्थ पक्ष' आणि 'वर्धित अनुभव' यांच्या मराठीत लिहिला जाणार, की 'तुम्ही हे पान वाचले हे आम्ही अमुक कंपनीला कळवू का?' अशा मराठीत? कायद्यातल्या 'सोप्या भाषेत' या शब्दांना अर्थ कोण देणार, हे विचारणे लेखकांचे आणि संपादकांचेही काम आहे.

अडवणारे

विचारून भागत नाही, तेव्हा वाचक अडवतो. 'ॲडब्लॉक' हे साधन २००२ साली हेन्रिक सोरेनसन या डॅनिश विद्यार्थ्याने लिहिले. २००५ पासून 'ईझीलिस्ट' नावाची यादी चालते. तिच्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक नियम: अमुक पत्त्यावरून येणारे काही आत घेऊ नको, अमुक नावाची चौकट दाखवू नको. हजारो ओळींची ही यादी स्वयंसेवक राखतात आणि सतत दुरुस्त करतात. मी ती पहिल्यांदा उघडली, तेव्हा मला आपल्या पोथ्यांच्या पाठशुद्धीची आठवण झाली. प्रक्षिप्त काय आणि मूळ संहिता कोणती, हे ठरवणारा हा अनेक हातांचा उद्योग आहे.

पण अडवणाऱ्यांचेही सरसकट गोडवे गाऊ नयेत. २०११ साली 'ॲडब्लॉक प्लस'ने 'स्वीकारार्ह जाहिराती' नावाची योजना आणली. ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या जाहिराती आपोआप आत सोडल्या जाऊ लागल्या आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतले जाऊ लागले. पहारेकऱ्याने दारावर जकात बसवावी, तसा हा प्रकार. याउलट रेमंड हिल यांनी २०१४ साली सुरू केलेल्या आणि पुढे 'यूब्लॉक ओरिजिन' नावाने चालवलेल्या साधनासाठी ते देणगीसुद्धा घेत नाहीत. वापरायचेच तर हे वापरावे, असे माझे मत आहे.

मात्र ते कुठे चालते, हा प्रश्न ब्राउझरच्या मालकाच्या हाती आहे. गुगलने क्रोममधल्या एक्स्टेन्शनचे नियम बदलले. आधी असे साधन बाहेर जाणारी प्रत्येक विनंती तिथल्या तिथे तपासू शकत होते. आता त्याने नियमांची मर्यादित यादी आधीच ब्राउझरकडे सोपवायची असते. २०२४ पासून जुन्या पद्धतीची साधने क्रोममध्ये बंद होऊ लागली आणि यूब्लॉकची तिथे एक लहान आवृत्ती उरली. कंपनीने कारण सुरक्षिततेचे आणि वेगाचे दिले. ते पूर्ण खोटे नाही. एक्स्टेन्शनच्या हाती फार सत्ता असणे धोक्याचेच आहे. पण ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते, तिनेच जाहिरात अडवण्याची हद्द आखावी, हे शहाण्या वाचकाच्या पचनी पडणार नाही. फायरफॉक्सवर, अगदी अँड्रॉइड फोनवरही, हे साधन पूर्ण रूपात चालते.

साधनाच्या मर्यादाही ओळखाव्यात. पीटर एकर्सली यांनी २०१० साली चार लाख सत्तर हजारांहून अधिक ब्राउझरांची पाहणी केली. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, आवृत्ती अशा किरकोळ तपशिलांवरून त्यांतले ८३.६ टक्के ब्राउझर कुकीशिवायही एकमेवाद्वितीय ठरत होते. ज्या कंपनीच्या खात्यात आपण स्वतः नाव देऊन शिरलो आहोत, तिच्यापासून तर कोणतेच साधन लपवत नाही. म्हणजे अडवणे हा दरवाजाला लावलेला अडसर आहे. भिंती अजून बांधायच्या आहेत आणि ते काम कायद्याचे आहे.

मानधनाचे काय?

अडवणाऱ्या वाचकावरचा जुना आरोप चोरीचा आहे. जर्मनीत ॲक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसमूहाने ॲडब्लॉक प्लसच्या कंपनीवर दावा लावला होता. असे साधन विकणे ही अनुचित स्पर्धा नाही, असे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये ठरवले. कॉपीराइटच्या अंगाने केलेला दुसरा दावा मात्र त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेरतपासणीसाठी खाली पाठवला. पान कसे दिसावे हे प्रकाशकाने ठरवायचे की वाचकाने, हा वाद कायद्यात अजून मिटलेला नाही.

नैतिक बाजू मला अधिक स्पष्ट दिसते. मासिकाचे जाहिरातीचे पान न वाचता उलटणारा वाचक चोर नसतो. त्याच्या घरात माणूस पाठवून त्याने कोणते पान किती वेळ पाहिले याची टिपणे घेण्याचा हक्क मासिकाने कधी मागितला नव्हता. त्या माणसाला दारात अडवणे म्हणजे लेखकाला बुडवणे नव्हे. सुरक्षिततेचाही प्रश्न आहेच: डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच नागरिकांना इंटरनेटवर शोध घेताना जाहिरात अडवणारे साधन वापरण्याचा सल्ला दिला, कारण ठग खऱ्या कंपन्यांच्या नावाने जाहिराती विकत घेत होते.

तरी लेखकाचे पोट हा खरा प्रश्न आहे. छोट्या मराठी संकेतस्थळाला जाहिरातीविना चालवणे कठीण, हे मी मान्य करतो. पण पाळत काढली तर जाहिरातही मरते, हे गृहीतक तपासायला हवे. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या जाहिराती विकणाऱ्या 'स्टेर' या संस्थेने २०२० पासून माग काढणाऱ्या कुकी बंद केल्या आणि वाचकाऐवजी मजकूर पाहून जाहिराती लावल्या. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत तिचे डिजिटल उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढले, कारण मधल्या दलालांचा वाटा वाचला. मोठ्या, सरकारी छत्र असलेल्या संस्थेचा अनुभव छोट्या संपादकाला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण दिशा ओळखीची आहे. पाककृतीशेजारी मसाल्याची आणि परीक्षणाशेजारी प्रकाशकाची जाहिरात लावायची, वाचक कोण हे न विचारता. दिवाळी अंकांचे संपादक हेच तर करत आले आहेत.

म्हणून मी वाचकाला सांगेन, की साधन बसवा, आणि ज्या नियतकालिकाची सवय लागली आहे त्याची वर्गणीही भरा. संपादकांना सांगेन, की संकेतस्थळावरची जाहिरात स्वतःच्या यंत्रावरून, स्वतःच्या जबाबदारीवर लावा. तशा जाहिराती अडवण्याची वाचकाला फारशी गरज वाटणार नाही. आणि संमतीची चौकट लावावीच लागली, तर तिचे मराठी बाहेरून येऊ देऊ नका. कवितेचे मुद्रितशोधन जितक्या काळजीने करता, तितक्या काळजीने ती चार वाक्ये स्वतः लिहा. ती लिहिताना लाज वाटली, तर चौकटीमागचा व्यवहार बदलण्याची वेळ आली आहे, एवढे समजावे.